सईची दोरवाली उडी

उडी मारणाऱ्याला मिनिटभर वारा लागतो, खाली खुर्ची टाकून बसणाऱ्याला दिवसभर माणसं भेटतात. म्हणून विमानातून उड्या मारायला शिकली माझी नात सई, आणि किस्से साठले माझ्याकडे. मला लिहिता येत नाही. मी सांगते, सून उतरवून घेते. मध्येच तिला हसू आलं की दोन-चार शब्द गळतात, तेवढं चालवून घ्या.

*

सई चोवीस वर्षांची. नोकरी शिकागोत, रविवारचं जेवण आमच्याकडे नेपरव्हिलला. एका रविवारी वरणभात कालवता कालवता म्हणाली, "मी स्कायडायव्हिंग शिकणार आहे."

तिचा बाबा, म्हणजे माझा मुलगा सुहास, इंजिनीअर. आधी त्याने आवाज चढवला, मग युक्ती काढली. "ठीक आहे. शिकायच्या तीन-चार पद्धती असतात म्हणे. त्यातली आजी जी पास करेल, तीच. आजी नाही म्हणाली, तर विषय बंद."

मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर मी आजवर पाय ठेवलेला नाही. त्यामुळे सुहास निवांत होता. फक्त मला विचारायचं राहिलं होतं.

"बघून सांगते," मी म्हणाले.

त्या दिवसापासून सुहासने लेकीशी अबोला धरला.

*

अबोला असला तरी जेवण एकाच टेबलावर. मी मधला टेलिफोन.

"आई, तिला सांग, हातपाय मोडून आलीस तर मी बघायला येणार नाही."

मी सईला सांगायची, "बाबा म्हणतो, बाहेर गार आहे, जॅकेट घालून जा."

सई इंग्रजीत काहीतरी फाडफाड बोलायची. मी सुहासला सांगायची, "ती म्हणते, वरण छान झालंय."

इंग्रजी त्याला चांगलं कळतं आणि मला अजिबात कळत नाही. पण अबोल्याचे नियम असतात. तो मुकाट्याने माझ्याकडून ऐकून घ्यायचा.

*

उड्या शिकवणाऱ्या पहिल्या ठिकाणी काउंटरवर एक तरतरीत पोरगा होता. मी मराठीत विचारायचं, सईने इंग्रजीत.

वारा सुटला तर? "नो प्रॉब्लेम." ही वर जाऊन घाबरली तर? "नो प्रॉब्लेम." आणि गुडघे गेलेली मी म्हातारी आत्ता उडी मारते म्हणाले तर? "नो प्रॉब्लेम, मॅम!"

एवढं इंग्रजी मला येतं. सईला म्हटलं, "चल. ज्याला कशातच प्रॉब्लेम नाही, त्याच्या घरी मुलगी द्यायची नाही."

*

दुसरं मैदान दोन तासांवर, चारी बाजूंनी मका. तिथला मास्तर वॉल्ट, पांढऱ्या दाढीचा. पहिल्या खेपेला त्याने काठीवरच्या वाऱ्याच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, "आज नाही." दुसऱ्या खेपेला ढग होते. तिसऱ्या खेपेला आभाळ लख्ख, तर त्याने सईचे डोळे बघितले आणि विचारलं, रात्री किती झोपलीस? चार तास. "घरी जाऊन झोप."

गाडी तिन्ही वेळा सुहासनेच चालवली, कारण आम्ही दोघी एकट्या गेलेलं त्याला चालत नव्हतं. परतताना वैतागला. "आई, तिला सांग, ह्या माणसाला धंदा करता येत नाही."

"म्हणूनच मास्तर पास," मी म्हणाले. आरशात सईचे दात दिसले तेवढे.

*

मग पद्धती. वॉल्टने मला समोर बसवून सगळं समजावलं, सई मराठी करत होती.

पहिल्या पद्धतीत मास्तरला बांधून घेऊन उडी मारायची. फोटो दाखवला. बघते तर मास्तर वर, शिकणारा खाली.

"अगं, हा तर मास्तरच पोरीच्या पाठुंगळी बसलाय! ह्यात शिकते कोण?"

वॉल्ट म्हणाला, खरंय, ही पाहुण्यांची उडी, पण पोटाला झेपतं का ते कळतं. म्हटलं, मग एकदा पाहुणी होऊन ये.

दुसरीत दोन मास्तर दोन बाजूंनी धरतात, बराच वेळ नुसतं पडायचं, आणि छत्री आपल्या हाताने उघडायची. तिसरीत कमी उंचीवरून एकटीनेच उडी, पण छत्रीचा दोर विमानाला अडकवलेला. उडी मारली की दोर ताणला जातो आणि छत्री आपोआप उघडते. नाहीच उघडली, तर पाठीवर दुसरी असते.

मी विहिरीत पोहायला शिकले ती पाठीला सुका भोपळा आणि कमरेला दोर बांधून. वर दोर माझ्या काकांच्या हातात. पाण्यात पडल्या पडल्या मला हात आहेत हेच मी विसरले होते.

"दोरवाली पास," मी म्हणाले. "घाबरलेला माणूस आधी हात विसरतो. दोर काही विसरत नाही."

वॉल्टने सईला दोनदा विचारलं, मी आधी कधी उड्या मारल्यात का.

*

उडीआधी सह्यांचा कागद. सई भराभर पानं उलटत होती. म्हटलं, वाच.

"ह्यात तुम्ही मरू शकता, असं लिहिलंय."

"पुढे?"

"पुढच्या पानावर पण तेच, आजी."

सुहासने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी सईला म्हटलं, "कर सही. तुझ्या आजोबांचं स्थळ आलं तेव्हा एवढं खरं मला कोणी सांगितलं नव्हतं."

*

छत्रीची घडी घालणारी टीना जमिनीवर गुडघे टेकून काम करते, नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तसं. मी तासभर शेजारी बसले. तेवढ्या वेळात तिचा फोन तीनदा वाजला, तिने वळूनही बघितलं नाही.

सईला म्हटलं, "हिला एखादा भाऊ आहे का विचार."

*

जमिनीवरचे धडे झाले, पाहुणी उडी झाली, आणि दोरवालीचा दिवस आला. सुहास आदल्या दिवशीच म्हणाला होता, "आई, तिला सांग, मी सोडून येईन, पण थांबणार नाही."

विमान वर गेलं तसा तो खरंच गाडीकडे चालायला लागला. मध्येच थांबला. हा खिसा चाचपला, तो खिसा चाचपला, आणि परत येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

वर एक ठिपका सुटला. दोराने आपलं काम केलं, छत्री फुलली. सुहासने माझा खांदा इतका दाबला होता की चार दिवस दुखत होता.

वॉल्ट खाली रेडिओ घेऊन तिला वाट सांगत होता. सई वर, म्हणून दुभाष्याचं काम सुहासकडे. तो म्हणाला, "आई, तिला ऐकू येतं, पण उलट बोलता येत नाही."

"असा एक रेडिओ घरी मिळेल का, विचार."

वॉल्ट हसला आणि सुहासकडे बघत राहिला. मग म्हणाला, ती अजून बरीच वर आहे, एक वाक्य बोल. डावं-उजवं काही सांगायचं नाही. आणि रेडिओ त्याच्या हातात दिला.

दोन महिन्यांनी लेकीशी बोलायचं. सुहासने घसा खाकरला.

"सई," तो म्हणाला, "गाडीची किल्ली कुठे ठेवलीस?"

वॉल्टने रेडिओ परत घेतला आणि तिला अलगद गवतात उतरवलं. दोन पायांवर आली, मग बुडावर बसली. बसल्या बसल्याच तिने अंगातल्या झग्याची चेन उघडली, आतून किल्ली काढली आणि डोक्यावर धरून खुळखुळ वाजवली.

बाबा काय म्हणाला, असं वॉल्टने तिला विचारलं असावं. सई इंग्रजीत चार शब्द बोलली. दाढीवाला वळला, त्याने सुहासला गच्च मिठी मारली, आणि डोळे पुसत विमानाकडे निघून गेला.

मला इंग्रजी येत नाही. पण किल्लीला 'की' म्हणतात, एवढं माहीत आहे. तो शब्द काही त्यात नव्हता.