आभाराचं भाषण

परवा मंगरूळपीरला ऑफिसात नव्या टॅबलेटचा खोका उघडला. त्याच्या काचेवर बोट सरकवलं आणि मी एकदम कामरगावच्या शाळेत, दहावीच्या वर्षात जाऊन पोचले.

वर्गात पहिली आले म्हणून मला सरकारकडून टॅबलेट मिळणार होता. आभाराचं भाषणही माझंच होतं. पंधरा दिवस मी ते पाठ केलं आणि वहीच्या पुठ्ठ्यावर बोट सरकवण्याचा सरावही केला. कार्यक्रमाला आई शेतातलं सोयाबीन सोंगायचं, कापायचं काम सोडून आली. ठेवणीतली निळी साडी नेसून ती पहिल्या रांगेत बसली होती.

मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "वरून निरोप आला आहे. टॅबलेट रद्द झाले." मग हळूच माझ्याकडे वळले. "बस आता खाली. कायचे आभार मानतं?"

मी बसले नाही. पुढे होऊन माईक धरला. "टॅबलेट आला नाही," मी म्हणाले, "पण माझी माय हातातलं काम सोडून आली. मी तिचे आभार मानते."

तेव्हा वाटलं, कशीबशी लाज राखली. आता मी चारचौघांत बेधडक बोलते, त्याची सुरुवात त्या दिवशीच झाली.

परतताना जीपमध्ये मात्र मला रडू फुटलं. आईनं पदरानं माझे डोळे पुसले आणि कानाशी येऊन विचारलं, "बोलली त मस्त तू. पण मले एक सांग, ते टॅबलेट असते तरी काय?"