खालच्या काकूंचं खुनी गाव

रोज दुपारी एखादा खून पाहिल्याशिवाय जिला चहा गोड लागत नाही, अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आणि तिच्याइतकी मायाळू बाईही दुसरी पाहिली नाही. जपानमधल्या एदोगावा भागातल्या आमच्या इमारतीत त्या बरोबर आमच्या खाली राहायच्या, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव 'खालच्या काकू'. पुण्याच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आणि काका गेल्यावर मुलाकडे जपानला आलेल्या. मुलगा आणि सून सकाळची ट्रेन पकडून ऑफिसला गेले, की घरात काकू आणि टीव्ही. या टीव्हीवर दुपारी इंग्लंडमधल्या एका खेड्यात होणाऱ्या खुनांची मालिका लागायची, तीही जपानी आवाजात. काकूंचं इंग्रजी बेताचं, जपानी शून्य. पण भाग संपायच्या कितीतरी आधी त्या खुनी ओळखायच्या आणि उरलेलं नुसतं आपलं बरोबर आलं का हे बघण्यासाठी बघायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, एक अक्षर कळत नाही, मग ओळखता कसं?" तर म्हणाल्या, "कळत नाही म्हणूनच. माणूस फसवतो तो शब्दांनी. आवाज कुठे फसवतोय! जन्मभर लोकांचे फोन जोडलेत गं मी."

ते गाव त्यांनी पार आपलंसं करून टाकलं होतं. गवताने शाकारलेली घरं, मधोमध चर्च, फुलांची प्रदर्शनं, जॅमच्या स्पर्धा, आणि प्रत्येक प्रदर्शनात कुणीतरी पालथं पडलेलं. "एवढंसं गाव आणि दर भागाला मुडदा. यांची जनगणना कोण करत असेल?" असं त्या खऱ्याखुऱ्या काळजीने विचारायच्या. नटांची तर त्यांना घरच्या माणसांसारखी चिंता. मागे एकदा विहिरीत ढकलला गेलेला नट पुढे कधीतरी पोस्टमास्तर होऊन आला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं बाई, काम मिळालं त्याला." मालिकेतला मुख्य इन्स्पेक्टर म्हणजे एक स्थूल, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. ते पायऱ्या चढायला लागले की कॅमेरा दुसरीकडे वळतो, हे काकूंनी हेरलं होतं. "डावा गुडघा गेलाय त्यांचा. सांगणार कुणाला? पोटापाण्याचा प्रश्न आहे." पुढे ते नट खरोखरच मालिका सोडून गेले आणि त्यांच्या जागी एक सडपातळ, तरुण इन्स्पेक्टर आला. काकूंनी टीव्हीवर टॉवेल टाकला. काही दिवसांनी तो काढला, पण नव्याला त्या शेवटपर्यंत 'सावत्र' म्हणायच्या. "निवृत्त व्हायचंच असतं माणसाने. पण एक निरोप समारंभ नको का दाखवायला?"

त्यांचं सगळं जपानी या मालिकेतून आलेलं. त्यामुळे इतर बायका जिथे 'आज हवा छान आहे' शिकल्या, तिथे काकूंचं पहिलं वाक्य होतं, "काल रात्री आपण कुठे होता?" आमच्या इमारतीची देखभाल करणारे एक वयस्क जपानी आजोबा होते. सकाळी ते अंगण झाडत असले, की काकू अत्यंत नम्रपणे, कमरेत वाकून, त्यांना हाच प्रश्न विचारायच्या. पहिल्या दिवशी आजोबांच्या हातातला झाडू थांबला. मग तेही वाकले आणि काल रात्री घरीच होतो, सुमो कुस्ती बघितली, बायकोने मासे केले होते, असं सगळं त्यांनी तपशीलवार सांगितलं. काकूंना त्यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि "इथून हलू नका" हे दुसरं येत असलेलं वाक्य म्हणून निरोप घेतला. तेव्हापासून आजोबा रोज सकाळी न विचारताच आदल्या रात्रीची कैफियत देऊ लागले. "त्यांना सांगायला कुणीतरी हवं असतं," काकू म्हणायच्या, आणि तेही त्यांनी आवाजावरूनच ओळखलेलं असायचं.

मी त्यांच्या तपासात सापडले ती जपानमधल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात. मला दिवस गेले होते. तिसरा महिना संपल्यावर पुण्याला आमच्या घरी कळवू, असं आम्ही ठरवलं होतं. पण तिसरा महिना संपलाच नाही. बातमीच कुणाला दिलेली नव्हती, तेव्हा ती गेल्याचं तरी कुणाला सांगणार? नवऱ्याने रजा घेतली, मग रजाही संपली. शेजारी मी 'थंडी बाधली' असं सांगितलं. दुपारभर एकटी बसून मी एकच उजळणी करायचे: मी तांदळाची गोणी उचलली म्हणून झालं का? स्टेशनपर्यंत सायकल चालवली म्हणून झालं का? त्या दिवशी जिना उतरताना पाय सटकला, तेव्हा झालं का?

अशाच एका दुपारी दार वाजलं. काकू उभ्या होत्या, हातात झाकलेलं पातेलं. आत मऊभात, तूप, मेतकूट. "आमचा टीव्ही बिघडलाय," असं म्हणत त्या आत आल्या, माझ्या हातात ताटली दिली आणि सरळ टीव्ही लावला. कुठल्याशा काचघरात टोमॅटोच्या रोपांमध्ये गावचा पाद्री मरून पडला होता. मी चार घास खाल्ले. पडद्यावरची नजर न काढता काकूंनी विचारलं, "कितवा महिना होता गं?"

मी ताटली खाली ठेवली. काकूंनी टीव्हीचा आवाज तेवढा बंद केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडत होते, पडद्यावर इन्स्पेक्टर मुकाट्याने टोमॅटो बघत होता. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कचऱ्याने. इथे डबे-बाटल्या वेगळ्या वारी टाकतात ना, त्या वारी तुझ्या पिशवीत कॉफीचे डबे खडखडायचे. मध्ये ते एकदम बंद झाले. मी म्हटलं, वा! गोड बातमी दिसतेय. परवा ते परत खडखडले, आणि जेवणाच्या कचऱ्याची पिशवी मात्र एवढीशी. आणि तुझा आवाज. थंडीने बसलेला आवाज असा नसतो."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. गोणी, सायकल, जिना. एकेक पुरावा मी माझ्याविरुद्ध मांडत गेले आणि त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "झालं सांगून? आता माझं ऐक. एवढे खून बघितलेत मी, मला कळतं त्यातलं. यात कुणी गुन्हेगार नाही. तू तर नाहीसच नाहीस. कुणी केलं हे शोधत बसू नकोस, राणी. काही मरणं नुसती मरणं असतात." मग त्यांनी हेही सांगितलं, की त्यांचाही एक असाच गेला होता, आणि तेव्हा हे सांगायला त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्विचबोर्डवर नेहमीसारखे फोन जोडले होते.

त्यांचा टीव्ही बिघडलेला नव्हता. तरी पुढचा सबंध हिवाळा तो बिघडलेलाच राहिला, आणि रोज दुपारी पातेलं घेऊन काकू वर येत राहिल्या. मी जेवू लागले, हसू लागले, एक-दोनदा खुनीही ओळखला. दोन वर्षांनी मुलगी झाली. पाळणाघरामुळे ती बोलू लागली ती जपानीतूनच, आणि आमच्या घरात तिच्याशी जपानीत बोलायला सगळ्यात उत्सुक काकू. त्या तिला खेळण्यांबद्दल कसून विचारायच्या, "हे शस्त्र कुणाचं आहे?" आणि ती बाहुली छातीशी धरून गंभीरपणे कबुली द्यायची.

मग काकूंच्या मुलाची कंपनी बदलली आणि ते सगळे कोबेला गेले. मागच्या वसंतात आम्ही त्यांना भेटायला गेलो. त्या वाळल्या आहेत. आता दर वाक्याला "काय म्हणालीस?" विचारतात आणि उत्तर ऐकताना बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतात. निघताना स्टेशनवर मुलीला घेऊन नवरा डब्यात चढला आणि मी मागे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना जे कधी नीट सांगितलं नव्हतं, ते सांगावंसं वाटत होतं. पण त्या गलक्यात ते त्यांना ऐकू गेलं नसतं. म्हणून मी तिथेच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मागे रांगेत एक जपानी सद्गृहस्थ उभे होते. माझं काहीतरी पडलं असं वाटून तेही घाईघाईने वाकले आणि जमिनीवर शोधू लागले. काकूंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कळलं गं. चढ आता."

गाडी हलली. खिडकीतून मी पाहिलं, तर काकू अजून तिथेच उभ्या होत्या, आणि तो हात अजून तसाच हवेत होता, माझ्या डोक्याइतक्या उंचीवर.