एका गाठीचं वजन

नियम न पाळणारा माणूस दिसला की माझं टाळकं सरकतं. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून झाली, हातात हिरवी आणि तांबडी झेंडी घेऊन, त्याचा हा परिणाम असं आमच्या घरात म्हणतात. रिटायर झाल्यावर तरी माणूस निवळेल अशी बायकोची आशा होती. पण पिशवीत टोमॅटो वर ठेवायचे का खाली, यावरून मी भाजीवाल्याशी भांडून आलो त्या दिवशी तिनं ती आशा सोडली.

पूर्णेत आमच्या मुलाचं वेल्डिंगचं आणि गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं त्यानं मोडीतल्या स्कूटरचं इंजिन आणि चौकोनी पाइप जोडून एक कार्ट तयार केली. कार्ट म्हणजे जमिनीला पोट घासेल इतकी खुजी चारचाकी, एका माणसाची, शर्यतीसाठी. त्याचं पाहून आणखी पाच जणांनी केल्या. जिंतूर रोडवर एका शेठची जिनिंग आहे. उन्हाळ्यात कापूस संपला की तिथलं मोठं सिमेंटचं अंगण रिकामं पडतं. शेठ पन्नाशीचे, पण या खुळात सगळ्यांच्या पुढं. दर रविवारी सकाळी सहाला ही मंडळी टेम्पोत कार्ट घालून तिथं जायची आणि ऊन तापायच्या आत परत यायची.

एका रविवारी मीही पाहायला गेलो. एक गुरुजी पायात चपला घालून, गळ्यात गमजा गुंडाळून कार्ट पळवत होते. गमज्याचं टोक मागं लोंबत होतं, आणि तिथंच इंजिनाची उघडी चेन फिरत होती. दोघांत वीतभर अंतर असेल नसेल. मी कोणाला काही विचारलं नाही. सवयीनं पिशवीत ठेवलेली तांबडी झेंडी काढली आणि अंगणाच्या मधोमध जाऊन ती दाखवत उभा राहिलो. सगळ्या गाड्या करकचून थांबल्या.

"गार्डसाहेब, खामखा मधी कामून आलात?" शेठ चिडून म्हणाले.

"तुमचे गुरुजी फाशी घ्यायलेत, म्हणून आलो," मी म्हणालो.

गुरुजींनी गमज्याकडं पाहिलं, मग चेनकडं पाहिलं आणि मुकाट्यानं गमजा काढून खिशात कोंबला. शेठ म्हणाले, "एवढी काळजी हाय तर तुमीच लिहा मंग नियम." त्यांना वाटलं असेल, म्हातारा गप बसेल. मी त्याच दिवशी दुपारी रजिस्टर घेऊन बसलो आणि तेवीस नियम लिहून काढले. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, पट्टा आवळलेला. पायात बूट. गळ्यात गमजा, ओढणी, साखळी काही नको. चेनवर पत्र्याचं झाकण. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि जवळ वाळूची बादली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही. शर्यत स्कूटरच्या इंजिनांचीच, मोटारसायकलचं इंजिन कोणी आणलं तर त्याचा गट वेगळा. तांबडी झेंडी दिसली की सगळ्यांनी थांबायचं, अगदी पहिला नंबर समोर दिसत असला तरी. बायको चहा ठेवून गेली, जाताना म्हणाली, "तुमी रेल्वे सोडली, पण रेल्वेनं तुमाला सोडलं न्हाई."

आमची सून ताडकळसच्या बाजूला उपकेंद्रात नर्स आहे. रोज स्कूटरवर जाते-येते, खड्डे तोंडपाठ. ती मला मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला तसंच म्हणतात. एका रविवारी ती नवऱ्याच्या कार्टमध्ये बसली आणि दोन चकरा मारून उतरली. पुढच्या आठवड्यात तिनं नवऱ्याकडून स्वतःसाठी दुसरी कार्ट बांधून घेतली. त्यानंतरचे तीन रविवार तिनं सगळ्यांना मागं टाकलं.

तोंडावर सगळे वा वा म्हणायचे. पाठ वळली की शेठ सुरू व्हायचे. "सेहेचाळीस किलोची बाई. गाडीवर वजनच न्हाई तर गाडी पळंल न्हाई तर काय करंल?" बाकीचे माना हलवायचे. माझा मुलगाही त्यात होता. बायकोकडून हरलेल्या माणसाला असली सबब गोडच लागते.

हे तिच्या कानावर गेलं. एका संध्याकाळी मी गच्चीवरचे कपडे काढत होतो, तर ती येऊन उभी राहिली.

"मामा, वजनाचा नियम करा."

"तुलाच जड जाईल, पोरी."

"जाऊ द्या. मी हरले तरी चालंल. पण जिंकले तर वजन न्हाई म्हणून जिंकली, असं मला ऐकायचं न्हाई. एकदा सगळ्यांइतकं वजन घेऊन पळते, मंग काय व्हायचं ते होऊ द्या."

मला तिचं म्हणणं फार आवडलं. आजवर नियम मोडायची परवानगी मागणारे शेकड्यानं भेटले होते, स्वतःवरच नियम लादून मागणारं हे पहिलंच माणूस.

रविवारी शेडखाली बैठक घेतली. किमान वजन किती धरायचं यावर घोळ सुरू झाला. शेठ लगेच म्हणाले, "आमच्या धंद्यात एकच माप. कापसाची एक गाठ, एकशे सत्तर किलो. गाडी आणि माणूस मिळून एक गाठ भरली पाहिजे." सगळ्यांना पटलं. गाठी मोजायचा काटाही तिथंच होता. शेठची कार्ट आणि शेठ मिळून एकशे सत्तर किलो दोनशे ग्रॅम भरतात, हे मला नंतर कळलं. माणूस हुशार. पण माप चांगलं होतं, म्हणून मी ते लिहून घेतलं. त्याखाली माझी भर घातली. वजन शर्यत झाल्यावर करायचं, कारण आधी केलं तर गडी मांडीखाली दगड घेऊन काट्यावर चढेल आणि वाटेत टाकून देईल. एकानं विचारलं, "शे-दोनशे ग्रॅमची सूट?" मी म्हणालो, "एका ग्रॅमचीबी न्हाई."

सुनेला एकोणतीस किलो कमी पडत होते. घरात सोयाबीनचं पोतं होतं. तिनं बारदानाच्या दोन पिशव्या शिवल्या, मोजून सोयाबीन भरलं आणि सीटच्या दोन्ही अंगांना बांधलं. मी गाठी ओढून पाहिल्या, पक्क्या होत्या. रजिस्टरात 'तपासले' असं लिहून खाली सही ठोकली.

पुढच्या रविवारी तिसऱ्या चकरेला एक पिशवी चाकाला घासून फाटली. वळणभर सोयाबीन पसरलं. सिमेंटवर सोयाबीन म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं. मागून येणारी प्रत्येक गाडी तिथं आली की आपापल्या मनानं जायला लागली. गुरुजी गोल फिरले. माझा मुलगा आडवा सरकत शेडपर्यंत पोचला. शेठ उलट्या तोंडानं, पाठीमागं जात जात, कडेला लावलेल्या जुन्या टायरांच्या रांगेत जाऊन बसले. सुदैवानं कोणाला खरचटलंसुद्धा नाही. शेठनं टायरातूनच हेल्मेटची काच वर केली आणि विचारलं, "गार्डसाहेब, ह्याला कोणत्या नंबरचा नियम?"

लाजेनं माझे कान गरम झाले. सही माझी होती. मी आणि सुनेनं तासभर अंगण झाडलं, तोवर शेडवरची सगळी कबुतरं न बोलावता जेवायला आली. घरी आल्यावर नवा नियम लिहिला. भरीचं वजन लोखंडाचंच पाहिजे, सांगाड्याला दोन नट-बोल्टांनी आवळलेलं. सांडेल असं काहीही चालणार नाही. मुलानं सगळ्यांना लोखंडाच्या जाड पट्ट्या कापून दिल्या.

मग खरी शर्यत ठेवली. पंचवीस चकरा. आदल्या दिवशी जो तो काट्यावर चढून आपली गाठ बरोबर भरवून गेला होता. सकाळी सातलाच ऊन चटके देत होतं. मुलगा पहिला आला, शेठ दुसरे, सून तिसरी. तिला बिलकुल वाईट वाटलेलं दिसलं नाही. हेल्मेट काढून पाणी पीत ती म्हणाली, "आता कसं, सगळे सारखे." मी एकेकाला गाडीसकट काट्यावर घेतलं.

मुलगा भरला एकशे एकोणसत्तर किलो चारशे.

"बाद," मी म्हणालो.

"बाबा, सहाशे ग्रॅम फक्त," तो म्हणाला.

"म्हणूनच फक्त बाद म्हणालो."

शेठ तर किलोच्या वर कमी भरले. त्यांचा विश्वासच बसेना. "काल बरोबर होतो मी. वरचे दोनशे ग्रॅमबी होते." होते, पण काल टाकी भरलेली होती आणि पोटात पोहे होते. पंचवीस चकरांत पेट्रोल जळलं आणि मे महिन्यानं घाम काढला, त्याचा हिशोब कोणीच केला नव्हता. गुरुजी आणि बाकीचे तिघेही थोड्या-थोड्या फरकानं गेले. सगळ्यांत शेवटी सून चढली. एकशे एकाहत्तर किलो तीनशे. तिनं दोन किलोची जास्तीची पट्टी आवळून घेतली होती. "उन्हाळ्यात माणसाचं अंग किती गळतंय, ते मी रोज बघायले की," ती म्हणाली.

मी आनंदानं रजिस्टर उघडलं आणि पहिल्या नंबरासमोर तिचं नाव लिहिलं. तिनं ते वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मामा, मी तिसरी आले."

"नियमानं पहिली आलीस."

"म्हंजे परत वजनानंच जिंकले की मी."

खरंच होतं ते. सगळा खटाटोप जे पुसायला केला, तेच मी शाईनं लिहून ठेवलं होतं. मग तिनं विचारलं, पहिला नंबर घेतलाच पाहिजे असा काही नियम आहे का. मी सगळे नियम पहिल्यापासून चाळले. तसा एकही नव्हता. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, आपल्या नावावर रेघ ओढली आणि सही केली. परत जाताना टेम्पोत मला राग कोणाचा आलाय तेही समजत नव्हतं.

पुढच्या रविवारी सगळे शहाणे होऊन आले. प्रत्येकाच्या सीटखाली दोन-दोन किलो जास्तीचं लोखंड. मी हिरवी झेंडी हलवली. आठव्या चकरेला सून पुढं गेली आणि पुढंच राहिली. शेठ तिच्या मागं चिकटून होते. चोविसावी चकर झाली. इतकी वर्षं झेंडी हाताळली, पण कोणती गाडी पुढं जावी असं मनात कधी आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. शेवटच्या वळणाला ती जराशी बाहेर गेली, तेवढ्या जागेतून शेठ आत घुसले आणि चाकभर पुढं येऊन जिंकले.

मला शेठचा असा संताप आला की काय सांगू. त्यांना पहिलं काट्यावर घेतलं. एकशे सत्तर किलो आठशे. मी म्हणालो, "उतरा." काटा शून्यावर आणला, फडक्यानं पुसला, परत चढवलं. आठशे. मग सीटखाली हात घालून पाहिलं, एखादा पाना राहिलाय का. पट्ट्यांचे बोल्ट हलवून पाहिले. हेल्मेट काढायला लावलं आणि परत घालायला लावलं. शेठ एरवी बोलून बेजार करणारा माणूस, पण घामानं निथळत सांगेल तसं करत होते. मी तिसऱ्यांदा म्हणालो, "उतरा."

तेवढ्यात सुनेनं माझ्या दंडाला धरलं.

"मामा, सोडा त्यांना. जिंकलेत ते."

मी तिच्याकडं पाहिलं. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद, आणि बाई हसत होती. तिला स्वतःलाही मी काट्यावर घेतलं, एकशे एकाहत्तर किलो शंभर. आकडा शेठनंही पाहिला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "सिस्टर, त्या वळणाला तुमी टिचभर बाहेर गेला म्हणून घावलं मला. न्हाईतर काय खरं नव्हतं."

"पुढच्या टायमाला न्हाई जायची बाहेर," ती म्हणाली.

मी रजिस्टर घेऊन शेडखाली बसलो आणि शेठचं नाव पहिलं लिहिलं. सून खांद्याशी वाकून उभी राहिली होती, दुसऱ्या नंबरासमोर तिचं नाव मी नीट लिहितोय का नाही ते पाहत.