पाइपच्या आकाराची बिस्किटं

बायको गेल्यापासून मी एकटाच फिरतो. या खेपेला पुण्याहून गाडीनं कर्जतला उतरलो आणि खोपोलीच्या टेंपोत बसलो. शेजारी विशीतली एक मुलगी मांडीवर डबा घेऊन मुसमुसत होती. मी तिला चिक्की दिली. ती चिक्की फोडत रडू लागली, तेव्हा सगळा टेंपो आमच्याकडे बघू लागला.

खोपोलीच्या शिळफाट्याला उतरून चहा घेताना कळलं, तिचं नाव सुजाता. "साजगावच्या कारखान्यातनं काढलं. आईला सांगितलं नाय. रोज डबा घेऊन निघते आन् हितंच बसते."

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. कुणीतरी चहाडी केली होती. "खरंच कामावर हायस ना? मग साहेबाला दे!"

सुजातानं फोन माझ्या हातात कोंबला आणि हात जोडले. मी जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारले. साहेब होण्याची संधी प्रथमच आली होती. घसा खाकरून म्हणालो, "मुलगी फार हुशार! आजच बढती दिली."

सुजातानं कपाळावर हात मारला.

"मंग साहेब, दुपारी भिसेगावला आमच्या घरी जेवायलाच या!"

गेलो. उलट टेंपोनं परत कर्जतकडे, घाम पुसत. पानात तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) आलं. पहिल्याच घासाला आईनं विचारलं, "कारखान्यात काय बनवता?"

"बिस्किटं," मी म्हणालो.

"पाइप," सुजाता म्हणाली.

"पाइपच्या आकाराची बिस्किटं," मी सावरलं.

आई इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून तिनं लेकीच्या पाठीत धपाटा घातला. "काम गेलं तर गेलं गं! पन रस्त्यावर एकटी जेवत व्हतीस?" दोघी गळ्यात पडून रडल्या. मी हळूच उठू लागलो.

"तुमी बसा," आई म्हणाली. "बिरडं टाकायचं नाय."

सुजाता स्टेशनापर्यंत आली. तिनं माझा नंबर घेतला. "काका, नवं काम मिळालं की फोन करते. पन तुमी साहेब म्हनून कुनाशी बोलू नका."

पुण्यात घराचं कुलूप काढतो, तोच फोन वाजला. सुजाताची आई होती. "पोचलात काय?"

डोंगर, धबधबे पुष्कळ पाहिलेत. पण प्रवास संपल्यावर हे विचारणारं माझं कुणी उरलं नव्हतं. "पोचलो," म्हणालो, आणि उगाचच दारातच उभ्यानं खूप वेळ बोलत राहिलो.