कमरेला लावलेला बिबा

माझ्या कमरेवर आठ काळे ठिपके आहेत. मागे आजारात मला न्हाऊ घालताना नातसुनेने विचारलं, "आजी, हे गोंदण कोणतं हो?" मी म्हटलं, "अकलेचं." ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

मोठ्या लढाईची वर्षं होती. माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. माहेर गोंदियाचं, बापाचं बाजारात बांगड्यांचं दुकान, घरात अर्धं मराठी, अर्धी हिंदी. मी तोवर धान पाहिलं होतं ते ताटात, तेही शिजून आलेलं. सासर केशोरीच्या पलीकडचं खेडं. उंबरठ्याबाहेर पाय टाकला की धानाच्या बांध्याच बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्यामधून हातभर रुंदीचे मातीचे धुरे. त्या धुऱ्यांवरून चालतानाही मी नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरत असे. अशी मी शूर.

गावात रोवण्याची रीत अशी होती : सात घरांनी मिळून फेर धरायचा. प्रत्येक घराने रोज एक बाई द्यायची. आज याच्या बांधीत रोपं लावायची, उद्या त्याच्या. याला म्हणायचे घरचा हात. ज्या घरचा हात एक दिवसही पडला, म्हणजे चुकला, त्या घरची पाळी गेली. मग तुम्ही आणि तुमची रोपं. आणि पऱ्ह्यातली, म्हणजे वाफ्यात वाढवलेली, रोपं काही थांबत नाहीत. दिवस उलटले की म्हातारी होतात, मग लावा नाहीतर बैलाला घाला. आमच्या घरचा हात म्हणजे माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायची. रोवण्याच्या आदल्या दिवशी ती धुऱ्यावरून घसरली आणि घोटा टम्म सुजला. आमची बांधी सगळ्यांत खोलगट, म्हणून पाळी शेवटची, सातवी. घरात दुसरी बाई मी.

आत्याबाई भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत राहिली. गिऱ्हाईक फुटकी बांगडी पाहतं तसं.

"जमंल का वो तुले?"

"जमेल ना. त्यात काय," मी म्हटलं. काय बाई तोरा!

पहिल्या दिवशी मी नवं लुगडं नेसून गेले. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, की चिखलात रोप लावताना बाई मागे मागे सरकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी रोप लावून पुढे सरकले आणि स्वतःच लावलेली रोपं तुडवली. सगळी बांधी हसली.

आमच्या फेराची म्होरकी एक बुढी होती. साठीच्या पुढची, वाळल्या शेंगेसारखी. तिची कंबर केव्हाचीच गेलेली, म्हणून ती वाकत नसे. धुऱ्यावरून रोपांच्या पेंड्या फेकायची आणि जीभ चालवायची. तेवढ्यावर तिच्या घरचा हात धरला जाई. ती म्हणाली, "नवरीबाई, मांगं राहिलीस त कोंडून टाकू बरं."

कोंडणं म्हणजे काय ते शेजारणीने सांगितलं. जी बाई हळू, तिच्या दोन्ही बाजूच्या बाया मागे सरकत निघून जातात, आणि मग तिच्या पाठीशी आडवी रोपं लावून वाट बंद करतात. लावलेलं रोप तुडवायचं नाही. तेव्हा नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतल्याशिवाय सुटका नाही. इतरांना ती मजा. मला मात्र घाम फुटला. मला वाटलं, एकदा कोंडली गेले की झालंच. म्हणतील, हा काही हात नव्हे, हा तर नुसता खुंट. उद्यापासून नको येऊ. मग आमची बांधी?

त्या भीतीने मी दिवसभर मान वर केली नाही. संध्याकाळी मात्र कंबर सरळच होईना. घरी येईपर्यंत वाकलेलीच होते, आणि दारात आत्याबाईला दिसू नये म्हणून भिंतीला धरून एकदम ताठ झाले. असं वाटलं, आत काहीतरी कडकन मोडलं.

"दुखते का?"

"छे."

दुसऱ्या दिवशी उजव्या अंगठ्याचं नख मऊ होऊन उचकटलं. रोप खोचायला तोच अंगठा लागतो. चिंधी बांधली, ती चिखलातच राहिली. तिसऱ्या दिवशी पायांच्या बोटांच्या सांदीत चिखल्या झाल्या. पांढरी, कुजकी कातडी, आणि चालताना अशी आग की डोळ्यांपुढे काजवे. मी रोज बोटांवर दिवस मोजत असे. चार राहिले. चार हा किती मोठा आकडा असतो, ते त्या आठवड्यात मला कळलं.

पाय लपवता आले नाहीत. आत्याबाईने पाहिले, आणि कोनाड्यातून एक बिबा काढून दिला.

"सुईले टोच, दिव्यावर धर. काळं तेल येते, ते सांदीत लाव. टिपका लाव फक्त. वर चुना. समजलं? टिपका."

समजलं. टिपका लावला. चर्रर्र झालं, आणि थोड्या वेळाने आग खरोखर थांबली. आता माझ्यासारख्या हुशार मुलीने काय विचार करावा? विचार केला, की एवढ्याशा टिपक्याने बोटाचं दुखणं जातं, तर कमरेचं जायला किती टिपके लागतील? आठ. हा हिशोब मी कुठून काढला, देव जाणे. आत्याबाईला विचारावं, तर कमरेचं सांगावं लागलं असतं. ती म्हणाली असती, दुकानवाल्याची पोर, तीन दिवसांत बसली. म्हणून मी दिवा घेऊन गोठ्यात गेले आणि हात मागे नेऊन, न बघता, कमरेवर आठ टिपके लावले. टिपके कसले, आण्याएवढे डागच. मग घाम पुसायला त्याच हाताने डोळा चोळला.

सकाळी डावा डोळा उघडेना. पुरीसारखा फुगला होता. कमरेला लुगड्याची गाठ लागली, की कुणी निखारा ठेवल्यासारखं होत होतं. आत्याबाई अजून पडून होती. पदर पुढे ओढून मी तिच्यासमोरून निसटले. मेले तरी आज पात धरायची, एवढंच डोक्यात. पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याचा पट्टा.

बांधीवर बुढीने पदर वर केला.

"डोऱ्याले काय झालं वो?"

"माशी चावली, काकी."

"कोनती माशी?"

"मधमाशी."

मी वाकले. वाकल्याबरोबर कमरेवरचे फोड फुटले आणि मी "माय वो!" म्हणून चिखलात गुडघ्यांवर बसले. चोळीखाली लुगडं ओलं झालं होतं. बुढी धुऱ्यावरून खाली उतरली, माझ्या पाठीशी आली आणि बोटाने लुगडं जरासं सरकवून बघितलं.

"बेस माशी हाय. कमरीले बी चावली. वाटेत बिबा खाऊन आल्ती का?"

बाया हसायला लागल्या. मी रडायला लागले.

"जा घरी," बुढी म्हणाली.

"नाही जात."

"अवं, कातडी निंगून राहिली ना!"

"आमचा हात पडेल काकी. आमची पाळी जाईल. आत्याबाई..." एका डोळ्याने रडणं फार बेकार दिसतं. मी स्वतःला पाहिलं नाही, पण बायांची तोंडं पाहिली.

हसणं थांबलं. एक बाई म्हणाली, "रीत रीतच आहे. पात मोकळी ठेवली त हात पडलाच." ती वाईट नव्हती, गेल्या साली तिच्याच घरची पाळी अशी गेली होती.

बुढीने हातातली पेंडी माझ्याकडे दिली आणि लुगड्याचा काचा मारला.

"पेंड्या फेकनं बी हातच होय. तू फेक. पात मी धरतो."

"काकी, तुमची कंबर..."

"माही कंबर माह्याजवर हाय, तुह्याजवर नाही. फेक."

आणि ती वाकली. वाकताना तिच्या तोंडातून जो आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. मी धुऱ्यावरून पेंड्या फेकत राहिले, अर्ध्या भलतीकडे पडत होत्या, आणि दर पेंडीला मला वाटत होतं, आता ही कोसळणार, आणि ते माझ्या माथी. ती कोसळली नाही. तोंड तर मुळीच थांबलं नाही. "तू कमरीलेच लावला, पोट्टे. मी त नवरी असताना मुद्दाम तोंडाले लावला व्हता, माहेरी धाडतीन म्हनून."

"मग, धाडलं का?"

"कायले धाडतीन? तोंडाले फडकं बांधून रोवाले लावलं."

घरी आत्याबाईने कंबर पाहिली आणि कपाळाला हात लावला. "येडी हायेस का वो? टिपका म्हनलं होतं!" मग ती बसल्या बसल्या सरकत पाट्यापर्यंत गेली, तीळ वाटले, लोण्यात कालवून लावले. लावताना एकदाच म्हणाली, "दुखते म्हनून सांगाचं राह्यते." मला त्याचंच जास्त रडू आलं. तिला वाटलं, तीळ झोंबले.

पुढचे दोन दिवसही पात बुढीने धरली. सहाव्या संध्याकाळी तिला दोघींनी धरून घरी नेलं.

सातवा दिवस आमचा. आणि आता खरी भीती. बाकी सगळ्यांच्या बांध्या रोवून झाल्या होत्या. आता कुणी नाहीच आलं, तर कोणती रीत त्यांना ओढून आणणार? पेंड्या धुऱ्यावर मांडून ठेवल्या होत्या. नवरा बैल सोडून उभा. आत्याबाई काठी टेकत धुऱ्यापर्यंत आली होती. ऊन वर आलं. वाटेवर चिटपाखरू नाही. रोपांची टोकं पिवळी पडायला लागलेली मला एका डोळ्यानेही दिसत होती.

मग वळणावर त्या दिसल्या. साऱ्या. गोगलगायीच्या चालीने. सगळ्यांत पुढे बुढी, दोन हातांत दोन काठ्या. तिला मागे टाकून यायचं नाही, म्हणून बाकीच्या तिच्या मागे सावकाश चालत होत्या.

"उशीर काऊन वो केला?" आत्याबाई ओरडली, पण तिचा आवाज भलताच झाला होता.

बुढी धुऱ्यावर जाऊन बसली आणि पेंड्या आपल्याकडे ओढल्या. "आज पात ज्याची त्यानं धराची," ती म्हणाली.

मी धरली. फोडांवर खपली आली होती, कमरेला आत्याबाईचं जुनं मऊ लुगडं गुंडाळलं होतं, अंगठ्याला चिंधी. मी हळू लावत होते, पण लावत होते. उन्हं कलली, तेव्हा शेवटचा पट्टा उरला, आणि मला कळायच्या आत पाठीमागे आडवी रोपं उभी राहिली. कोंडलं मला. धुऱ्यावर सासू, बैलांपाशी नवरा, समोर बुढी तोंडाचं बोळकं उघडून बसलेली.

"घे नाव! घेतल्याबिगर सोडत नाही!"

घेतलं. उखाणा कोणता आणि नाव काय, ते इथे लिहीत नाही. फुकटात कायले सांगू? बाया मात्र नंतर वर्षानुवर्षं सांगत, की नवरी नाव घेताना किती लाजली, कशी कमरेत वाकून गेली होती. लाजली कसली! मला सरळच होता येत नव्हतं.