आक्कांच्या अकरा राजवटी

आक्कांच्या घरात मी साडेचार वर्षं भाड्यानं राहिले आणि तेवढ्या काळात अकरा राजवटी पाहिल्या. लोकांकडे पडदे बदलतात तसं आक्कांकडे सरकार बदलायचं. सकाळी दात घासत अंगणात यावं, तर भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं : ‘आजपासून राजेशाही. पाण्याची तक्रार राजाकडं.’ आणि त्याखाली, घाईघाईत : ‘राजा गिरणीत गेलाय.’

हिंजवडीच्या मागच्या अंगाला, जिथं कंपन्यांच्या काचेच्या इमारती संपून भाताची खाचरं सुरू व्हायची, तिथं त्यांचं घर होतं. जुन्या गोठ्याच्या जागी पाच खोल्या बांधून त्या नोकरीवाल्या मुलींना दिलेल्या. आम्ही नऊ जणी होतो. मी परभणीची, माझ्या खोलीतली ऋचा नागपूरची, बाकीच्या कुठून कुठून आलेल्या. घरात आक्का, कंपन्यांना गाड्या लावणारा त्यांचा मुलगा दत्ता आणि सून सुनंदा. आक्का साठीला टेकल्या होत्या. शाळा सातवीतच सुटलेली. ग्रामसभेत एकदा त्या रस्त्याबद्दल काहीतरी विचारायला उठल्या, तर मागून कुणीतरी म्हणालं, “मावशे, तुला सरकारातलं काय कळतंय? खाली बस.” आक्का बसल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात मुक्त विद्यापीठाचा अर्ज घेऊन आल्या, एक परीक्षा देऊन बी.ए.ला बसल्या आणि विषय घेतला राज्यशास्त्र. “सरकारातलं कळत न्हाई म्हनला न्हवं? आता पार मुळापासनं कळून घेती,” म्हणाल्या.

मुळापासून म्हणजे खरंच मुळापासून. प्राचीन संस्कृतींतल्या शासनपद्धती हे पहिलं पुस्तक. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं ते पुस्तक त्या लसूण सोलताना समोर उघडं ठेवायच्या आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायच्या. पण वाचून त्यांचं समाधान होत नसे. “वाचून कळत न्हाई मला. भाकरी फुगती का न्हाई, ते तव्यावर टाकल्याबिगर कसं कळंल?” तवा म्हणजे आम्ही नऊ जणी, दत्ता आणि सुनंदा.

पहिला मान इजिप्तचा. ज्याच्या हातात नाईलचं पाणी तोच देव, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि उठून पाण्याच्या मोटरच्या खोलीची किल्ली कमरेला खोचली. त्या फॅरो झाल्या. फॅरोला वाकून नमस्कार केल्याशिवाय मोटर सुरू होणार नाही, असं जाहीर झालं. आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून रांगेनं वाकत होतो आणि हसून हसून आमची मुरकुंडी वळत होती. ऋचा तर साष्टांगच आडवी झाली. “काय करून राहिली गं ही? कपडं खराब व्हत्यात की,” असं ऋचाच्याच बोलीची नक्कल करत देवानं तिला उठवलं. पण देवपण चार दिवसांत अंगाशी आलं. मोटर कधी लावायची, दूध कुणी तापवायचं, मांजराला हाकलायचं की नाही, सगळं फॅरोला विचारून. पाचव्या दिवशी आक्कांनी किल्ली दत्ताच्या अंगावर फेकली. “आमटीत मीठ किती टाकू, ह्ये बी देवालाच इचारत्यात! तीन हजार वर्सं कसं निभावलं आसंल रं त्येंनी?”

मग स्पार्टा आलं. तिथं एकाच वेळी दोन राजे असत. आक्कांनी स्वतःला एक राजा नेमलं आणि सुनंदाला दुसरा. सुनंदा अबोल बाई. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण घरात तिचा आवाज भांड्यांच्या आवाजापेक्षा वर गेलेला मी ऐकला नव्हता. राजा झाल्यावर मात्र तिनं पहिल्याच दिवशी वांग्याला नकार दिला. आक्कांनी दोडक्याला नकार दिला. सुनंदानं पिठल्याला. दुपारी दत्ता जेवायला आला तर ताटात नुसता भात आणि समोर दोन राजे तोंडं फिरवून बसलेले. “आगं, कोन तरी हरा की!” तो कळवळून म्हणाला. तेव्हा त्या दोघींना असं काही हसू फुटलं की सुनंदाला ठसका लागला आणि आक्का तिची पाठ चोळत राहिल्या. पुस्तकाच्या समासात आक्कांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं : ‘दोन राजे = सासू सून. भात नुसता खावा लागतो.’ परीक्षेत हेच लिहू नका म्हणून मी त्यांना बजावलं होतं. लिहिलंच असणार.

अथेन्सनं मात्र धमाल उडवली. तिथं कारभारी चिठ्ठी टाकून निवडत, म्हणून आमच्याही चिठ्ठ्या डब्यात पडल्या. पाणीवाटपाचं खातं आलं ऋचाकडे. ही बाई स्वतः पाऊण तास अंघोळ करायची. पण खुर्चीवर बसताच तिनं न्हाणीच्या दारांवर सात-सात मिनिटांच्या वेळा चिकटवल्या, आणि आठवड्यानं सातव्या मिनिटाला स्वतःच साबणासकट बाहेर आली. आक्का खूश झाल्या. त्या खुशीतच त्यांनी पुढची प्रथा काढली. अथेन्सचे लोक म्हणे वर्षातून एकदा खापरांवर नाव लिहीत, आणि ज्याचं नाव जास्त खापरांवर येई त्याला दहा वर्षं गावाबाहेर घालवत, कारण तो माणूस डोईजड झालेला असे. आक्कांनी फुटक्या कुंडीची खापरं वाटली. “दहा वर्सं न्हाई, दहा दिस. लिवा बिनधास्त.”

आम्ही बिनधास्त लिहिलं. आक्का एकेक खापर उचलून मोठ्यानं वाचू लागल्या. “आक्का. आक्का. आक्का... ह्ये कुनी ‘अक्का’ लिवलंय? शुद्धलेखन बगा जरा. आक्का.” नऊच्या नऊ खापरांवर त्याच. कारण एकच होतं. फाटकाला नऊला कुलूप लागायचं. माझी कामाची पाळी कधी उशिरा सुटायची, आणि कंपनीची गाडी सोडून गेली की मला फाटकाबाहेर उभं राहून आत फोन करत बसावं लागायचं. किती विनवलं तरी आक्का बधत नव्हत्या. नावं वाचून झाली. मला वाटलं, आता नऊ जणींना खोल्या शोधाव्या लागणार. आक्कांनी शेवटचं खापर खाली ठेवलं. मग उठल्या, पिशवीत दोन लुगडी आणि राज्यशास्त्राचं पुस्तक भरलं आणि दत्ताला म्हणाल्या, “गाडी काड. मला म्हायेरी सोड.”

त्यांचं माहेर मुळशी धरणाच्या कडेला. सहाव्या दिवशी आम्हांलाच करमेना. चार जणी दोन स्कूटरवर बसून त्यांना आणायला गेलो. आक्का भावाच्या पडवीत पाय पसरून करवंदं खात बसल्या होत्या. मी म्हटलं, “आक्का, चला ना. चुकलं आमचं.”

“चुकलं? मतदान कधी चुकतंय व्हय?”

“मग शिक्षा माफ केली समजा आणि चला.”

“आजून चार दिस हायेत. नियम म्हंजी नियम. अथेन्सचं मानूस मधीच परत आलं तर त्येचं काय व्हतं, वाचलंय का?” मग आमच्या ओंजळीत करवंदं टाकत हळूच विचारलं, “माझ्याबिगर घर चाललंय का?”

ऋचा गडबडीत खरं बोलून गेली. “हो, चांगलं चाललंय.”

आक्का गालातल्या गालात हसल्या. “मंग झाक हाय,” म्हणाल्या. चार दिवस पुरे करूनच त्या परतल्या.

माहेरी बसून त्यांनी अथेन्सचा धडा संपवला होता आणि त्याच्या शेवटी त्यांना जबर धक्का बसला होता. अंगणात पुस्तक आपटत त्या म्हणाल्या, “बायांना मत न्हाई. गुलामांना मत न्हाई. परगावच्यांना मत न्हाई. मंग ऱ्हायलं कोन? आन् ह्याला लोकशाई म्हनायचं? म्या ह्येंच्यासाठी दहा दिस वनवास काडला!” पुढचा धडा आपल्याकडच्या जुन्या गणराज्यांचा आणि बौद्ध संघांचा निघाला. तिथं रंगीत काड्या वाटून मत घेत. लागलीच आईस्क्रीमच्या काड्या रंगवून झाल्या आणि पहिलाच ठराव आला फाटकाचा. या खेपेला बाराही जणांना मत. प्रत्येकीला फाटकाची किल्ली द्यायच्या बाजूनं अकरा, विरोधात एक. ती एक कुणाची हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः पायी बाजारात जाऊन किल्ल्या करून आल्या आणि नऊ जणींच्या हातावर एकेक ठेवली. माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, “मला काळजी वाटती. पर ती माजी मला. किल्ली तुजी तुला.”

पुढची दोन वर्षं रोम, व्यापाऱ्यांचे गिल्ड, सरंजामशाही, संसद असं काय काय येत राहिलं. संसदेच्या राजवटीत दत्ता विरोधी पक्षनेता होता आणि जेवण झाल्यावरसुद्धा सभात्याग करायचा. याच काळात आजूबाजूच्या खाचरांत एकामागून एक टॉवर उभे राहिले. आमच्या अंगणात ऊन यायलाच बारा वाजायचे. आणि एका रविवारी दत्ता एका बिल्डरच्या माणसाला घेऊन आला. घर, खोल्या, मागचं शेत, सगळं पाडून तिथं इमारत होणार आणि दत्ताला तिच्यात दोन सदनिका मिळणार. जमीन आक्कांच्या नावावर होती. त्यांनी नुसतं ‘न्हाई’ म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

दत्ता म्हणाला, “आई, शेती ऱ्हायलीय कुटं? त्या सावलीत भात तरी पिकतोय का? हितं आपुन कशाची राखन करतोय?”

“मला हितंच ऱ्हायाचंय,” आक्का म्हणाल्या.

“मंग घराचं मत घे. रोज घेतीस की मतं! आज घे!”

“घेती,” आक्का म्हणाल्या.

आम्हां नऊ जणींना हायसं वाटलं. आक्कांच्या घरात परगावच्यांना मत होतं. बारा मतं, त्यातली नऊ आमची. खोल्या पडाव्यात असं आमच्यातल्या कुणाला वाटणार होतं? संध्याकाळी आक्का आमच्या ओसरीवर येऊन टेकल्या.

“पोरींनो, ह्या खेपेला तुमची मतं मोजत न्हाई.”

“का पण, आक्का?” ऋचा तटकन उठली. “तुम्हीच तर म्हणाल्या होत्या, परगावच्यांनाही मत!”

“तुमची मतं धरली तर मी जिकीन. म्हनून धरत न्हाई. फाटक तुमचं व्हतं, तवा तुमी मत दिलं. जमीन तुमची न्हाई. उद्या तुमी लग्न करून जाल, हितं जलम काडायचाय तो ह्या दोगांना. जिकायसाठी मतदार गोळा करनाऱ्यांचा धडा बी वाचलाय मी.”

मोजणीला मला बसवलं. माजघरात डबा ठेवला. तिघं एकेक करून आत गेले आणि बाहेर आले. मी डबा उघडला. दोन काड्या हिरव्या, इमारत व्हावी म्हणून. एक लाल. आक्का म्हणाल्या, “वाच. निकाल मोठ्यानं वाचायचा आसतो.” मी वाचला. दत्ता खाली मान घालून उभा राहिला. सुनंदा स्वयंपाकघरात निघून गेली. आक्कांनी दत्ताला कागद आणायला सांगितलं, चष्मा पुसला आणि जिथं जिथं सांगितलं तिथं तिथं सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर सुटं सुटं आणि स्वच्छ आलं.

सुनंदाचं मत मला आधीच ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली होती, “ताई, मला एक घर पायजे, ज्येच्या भिंतीचा रंग मी ठरवलाय.” एवढंच. त्यात सासूचा राग नव्हता. मी हे कुणाला बोलले नव्हते.

खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी अंगणात ही गर्दी. गाद्या, बादल्या, कुलर, सात टेम्पो आणि त्यांचे भोंगे. ऋचा रडत होती आणि रडता रडता फळ्यावर ‘शेवटची सूचना : राजा भाड्यानं घर शोधतोय’ असं लिहीत होती, म्हणून बाकीच्या हसत होत्या. आक्का ह्या टेम्पोकडून त्या टेम्पोकडे धावत प्रत्येकीच्या पिशवीत लोणच्याची बरणी कोंबत होत्या. मी गादी गुंडाळत होते. तेवढ्यात सुनंदा आली. डोळे सुजलेले. आक्कांच्या समोर उभी राहून म्हणाली, “आत्याबाई, मला सांगायचंय. त्या दिशी डब्यात मी जी काडी...”

आक्कांनी हातातली बरणी खाली ठेवली आणि पुढं होऊन सुनंदाच्या तोंडावर तळवा ठेवला.

“सांगू नगंस.”

“पर आत्याबाई...”

“गुप्त हाय ते. मी इचारलं न्हाई, इचारनार बी न्हाई. आज सांगितलंस तर पुढल्या खेपेला माज्या तोंडाकडं बगून मत देशील.” मग तळवा काढून तिच्या गालावरचं पाणी पदरानं पुसलं. “चल, हिच्या गादीचं ते टोक धर. टेंपोवाला कवाधरनं बोंबलतोय.”

दोघींनी दोन टोकं धरून माझी गादी उचलली आणि टेम्पोत चढवली.