ठिपका वर

उबवणी केंद्रात तिला सगळे टॉर्चबाई म्हणत. कोंबडीचं अंडं उजेडावर धरायचं, एकदा बघायचं आणि निकाल द्यायचा, हे तिचं काम. आत लाल जाळं दिसलं तर जिवंत. नुसता पिवळट उजेड आरपार आला तर रिकामं, टाक बादलीत. पापणी लवायच्या आत. नवा सुपरवायझर एकदा म्हणाला, "बाई, चांगली अंडी फेकताय. जरा नीट बघा." तिने बादलीतलं एक अंडं उचलून त्याच्याच तळहातावर ठेवलं. "फोडा. पिल्लू निघालं तर मी उद्यापासून येत नाही. रिकामं निघालं तर तुम्ही येऊ नका." त्याने काही ते फोडलं नाही.

अशा बाईच्या घरात सून आली ती काचेच्या पेटीत पालींची जोडी घेऊन. साध्या पाली नव्हेत, लेपर्ड गेको. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, गाजरासारखी जाड शेपटी, आणि चक्क पापण्या मिटून झोपणार. टॉर्चबाईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "लोकांच्या सुना भांडीकुंडी आणतात, आमची पाली घेऊन आली. एक जरी बाहेर निघाली ना, झाडू माझा आणि पाल तुझी." शेजारपाजारच्यांनीही ऐकलं. तिला ऐकवायचंच होतं.

मुलगा जहाजावर, सून दिवसभर चष्म्याच्या दुकानात. घरात या दोघी आणि पाली. मग नर मेला. सून आठवडाभर धड जेवली नाही. त्यानंतर मादीने ओल्या मातीत दोन अंडी घातली. नर गेला तरी त्याचं बीज मादीच्या पोटात टिकतं म्हणे. म्हणजे त्याची ही बहुधा शेवटची. सुनेने थर्माकोलच्या खोक्यात गरम तार बसवली, डब्यात कुंडीत घालतात तसला भुसभुशीत ओलसर चुरा भरला, त्यात अंडी अर्धी पुरली आणि प्रत्येकावर पेन्सिलीने एक ठिपका काढला.

टॉर्चबाई नाही नाही म्हणत तिथे घुटमळायला लागली. शेवटी एका दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार केला आणि डबा जरासुद्धा न हलवता दोघींनी अंड्यांवर टॉर्च धरला. कवच मऊ, खडूसारखं पांढरं. आत गुलाबी उजेड, आणि त्यात एक बारीक लाल कडं. दोन्हींत.

"फळलीत," टॉर्चबाई म्हणाली. "दोन्ही. लिहून घे."

सुनेने तिला मिठीच मारली. या घरात असलं काही होत नसे. टॉर्चबाईने "सोड, पदर ओढलास," म्हणून तिला झटकलं खरं, पण दुसऱ्या दिवशी केंद्रात सगळ्यांना सांगत सुटली.

तेवढ्यात सुनेच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. बॅग भरता भरता ती म्हणाली, "आई, रोज एकदा झाकण उघडून हवा द्यायची, चुरा कोरडा वाटला तर कडेने थेंबभर पाणी. आणि हे बघा, तो ठिपका..."

"अगं जा तू! मला अंडी शिकवतेस? माझी हयात गेली त्यात."

सून हसली. ठिपक्याचं सांगायचं राहिलं.

टॉर्चबाईला ठिपका माहीत होता ना! मशिनं यायच्या आधी केंद्रात अंडी हाताने पलटावी लागत. कोंबडीचं अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं की आतलं पिल्लू कवचाला चिकटतं आणि मरतं. कुठलं पलटलं, कुठलं राहिलं, ते कळावं म्हणून एका बाजूला पेन्सिलीची खूण. तिने तेच केलं. सकाळी ठिपका वर, संध्याकाळी ठिपका खाली. बोटं ओली करून, तान्ह्या मुलाची मान सांभाळावी तशी. बिचारीने जीव लावून केलं, हीच तर त्यातली वाईट गोष्ट.

दोन-चार दिवसांनी हॉस्पिटलमधून सुनेचा फोन आला. वडील बरे होते. मग म्हणाली, "आई, ठिपका वरच आहे ना?"

"का गं?"

"पालीचं अंडं हलवायचं नसतं ना. पिल्लू वरच्या बाजूला चिकटून वाढतं. उलटं झालं की आतल्या आत गुदमरतं. म्हणून तर खूण."

डबा समोर उघडा होता. ठिपके खाली होते.

"आहे," ती म्हणाली. "वरच आहे."

फोन ठेवल्यावर तिने अंडी सरळ केली, आणि मग सरळ केली म्हणूनही घाबरली. खरं सांगायचं तर काय सांगायचं? झाडू माझा आणि पाल तुझी, हे सगळ्यांनी ऐकलेलं. चुकून झालं म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? तिने स्वतःच ठेवला नसता. दुसऱ्या कुणा सासूचं असतं, तर पहिली बोंब तिनेच ठोकली असती.

सून परत आली ती चप्पल न काढता खोक्याकडे गेली. एक अंडं पिवळं पडून बसलं होतं, त्यावर करडी बुरशी धरलेली. दुसरं पांढरं होतं, पण एका अंगाने चेपलेलं. मग सुनेनेच सासूची समजूत घातली. "हे फळलेलंच नसणार, आई. रिकामी अंडीच अशी सडतात. टॉर्चमध्ये आपल्याला भास झाला असेल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

सुटली होती टॉर्चबाई. मान डोलावली की विषय मिटला. पण म्हणजे मी रिकाम्याला भरलेलं म्हटलं? तिच्यातली खुमखुमी आधी उठली, आणि तिच्या मागोमाग शरम, जिने तिला खाली बसवलं.

"रिकामं नव्हतं ते," ती म्हणाली. "कडं होतं आत. मी बघितलंय. मी पलटली अंडी. रोज, दोन वेळा. कोंबडीची पलटतात तशी. आणि फोनवर खोटं बोलले."

सुनेने वर बघितलं. "मुद्दाम?"

या एका शब्दाची तयारी टॉर्चबाईने आठवडाभर केली होती. चार उत्तरं तयार होती, एकाहून एक तिखट. तोंडातून एवढंच आलं, "नाही गं."

सुनेने सडलेलं अंडं चमच्याने उचललं, कागदात गुंडाळलं. मग विचारलं, "आणि हे दुसरं?"

टॉर्चबाईने टॉर्च घेतला, अंड्याजवळ नेला. आत धूसर सावली होती. ती जीव होती की गाळ, ते कळेना. केंद्रात असतं तर असलं अंडं कधीच बादलीत गेलं असतं.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात कुणासमोर म्हटलं नव्हतं.

"मग ठेवायचं. सडेपर्यंत ठेवायचं." सुनेने पुसट झालेला ठिपका पेन्सिलीने हलकेच गडद केला. आत जाता जाता ती पाठमोरीच म्हणाली, "उद्यापासून माझी सकाळची पाळी आहे. हवा तुम्हीच द्या." या वेळी तिने 'आई' अशी हाक मारली नाही.

सकाळी टॉर्चबाईने झाकण उघडलं. उजवा हात आपोआप पुढे गेला. तो तिने पाठीमागे नेला, पदरात घट्ट गुंडाळला, आणि डाव्या हाताने झाकण धरून तशीच उभी राहिली.